फळाची घाई

पदवी पदरीं पडल्यावरहि घरांतील मुलानें अथवा मुलीनें आणखी चारपांच वर्षें संशोधनांत घालविण्याचें ठरविलें, म्हणजे वडीलधाऱ्या मंडळींचा प्रश्न ठरलेला असतो : "यांतून मिळणार काय?" एकत्र कुटुंबांत एकाच्या शिक्षणाचा भार सर्वांवर पडतो, तेव्हां हा प्रश्न अनुचित आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. उत्तराची घाई मात्र आम्हांस अनुचित वाटते.

एक उदाहरण घेऊं. पेन्सिलींतील ग्रॅफाइटचा केवळ एका अणूइतका जाड पापुद्रा म्हणजे ग्रॅफीन. मँचेस्टर येथें गाइम व नोवोसेलोव यांनीं तो २००४ सालीं साध्या चिकटपट्टीनें सुटा केला. २०१० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्याची बिनतारी संदेशासाठीं ॲन्टेना करतां येईल काय, हा प्रश्न अमेरिकेंत अटलांटा येथील जॉर्जिया टेक या संस्थेंत जोसेप जोर्नेट या विद्यार्थ्यानें आपले गुरु अक्यिल्डिझ यांच्यासह हातीं घेतला, व २०१३ सालीं डॉक्टरेट मिळविली.

यांतील मर्म असें. सेकंदास एक लक्ष कोटि आंदोलनें करणाऱ्या लहरीसाठीं धातूची ॲन्टेना सुमारें ०.१५ मिलिमीटर लांब लागते. ग्रॅफीनवर लहर फार मंद सरकते, म्हणून तिची लांबी आखडते, आणि मिलिमीटरच्या कांहीं हजारांशांएवढी ॲन्टेना पुरेल असें गणित सांगतें. शिवाय विजेचा दाब बदलला कीं तिचा सूरहि बदलतां येतो. परंतु पुष्कळशी शक्ति ग्रॅफीनमध्येंच उष्णतारूपानें खर्ची पडते, आणि बाहेर पडलेल्या लहरीहि हवेंतील बाष्प शोषून घेतें. म्हणून ही ॲन्टेना अद्याप प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडून घरोघरीं आलेली नाहीं.

मग हे श्रम व्यर्थ म्हणावयाचे काय? १८९५ सालीं कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं अदृश्य लहरींनीं दूरची घंटा वाजवून दाखविली. त्यांनीं ५ मिलिमीटरपर्यंतच्या आखूड लहरींवर प्रयोग केले. त्या काळीं जगास समुद्रापलीकडे संदेश धाडावयाचे होते. त्यास लांब लहरीच सोयीच्या, म्हणून आखूड लहरी मागें पडल्या. आज तेवढ्याच आखूड लहरी जवळच्या जवळ प्रचंड मजकूर वाहून नेण्याच्या कामीं येतात. मध्यें शतकाहून अधिक काळ लोटला!

प्रत्येक प्रबंधास असें भाग्य लाभेल, अशी हमी आम्ही देत नाहीं. घरच्या अडचणी खऱ्या असतील, तर त्या मुलांस मोकळेपणानें सांगाव्या. मुलांनींहि आपला विषय आजीस समजेल अशा शब्दांत सांगण्याचें ऋण फेडावें. एवढें झाल्यावर मात्र रात्रीं पंगतीस बसतांना "मिळणार काय?" याऐवजीं "आज कोठें अडलें?" असें विचारून पाहावें. अडल्या जागीं उभें राहण्याचें बळ पुष्कळदां त्या एका प्रश्नानें येतें.