प्रबंध जमा होतो, आवाज घरीच राहतो

बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलणारी काही गावं आहेत. बोलणारे उरलेत जेमतेम दोन-अडीच हजार. ही भाषा ना मराठीच्या कुळातली, ना कन्नड-तेलुगूच्या, ना शेजारच्या कोरकूच्या. दोन, तीन, चार हे आकडे तिने द्राविडी भाषांकडून घेतले, पाचापासून पुढचे हिंदी-मराठीकडून. तरीही तिच्या शब्दांचा एक मोठा हिस्सा जगातल्या कुठल्याच भाषेशी जुळत नाही. भाषाविज्ञानात पीएचडी करू पाहणाऱ्या मराठी मुलामुलींना घराजवळ याहून मोठं कोडं मिळायचं नाही.

कायपर या डच अभ्यासकाचं निहालीवरचं पुस्तक १९६२ साली निघालं आणि ते आजही आधाराला घेतलं जातं. त्यातली सामग्री मात्र सुधीभूषण भट्टाचार्य यांनी गोळा केलेली. त्यांनी आपली टिपणं १९५७ मध्ये छापून सगळ्यांसाठी खुली केली, म्हणून हॉलंडमध्ये बसून कोणाला तरी त्यावर विचार करता आला. एकाने गोळा करावं, दुसऱ्याने तपासावं, तिसऱ्याने खोडून काढावं, असंच हे शास्त्र पुढे सरकतं.

आज आपल्या विद्यापीठांत नेमकी हीच साखळी तुटते.

संशोधक गावात जातो, शब्दसूची पुढे ठेवतो. पहिले काही दिवस लोक पाहुण्याला कळेल अशाच भाषेत उत्तरं देतात. ओळख वाढते, कोणी आजी गोष्ट सांगायला बसते, आणि मग खरी भाषा कानावर पडते. ती रेकॉर्ड केली तरी उतरवून काढणं बाकीच असतं. एकेक वाक्य दहादा ऐकायचं, स्वर लांब की आखूड हे ठरवायचं, पुन्हा गावात जाऊन विचारायचं. तासाभराच्या रेकॉर्डिंगला आठवडा सहज लागतो. एवढं करून प्रबंधात येतात निवडक वाक्यं. प्रबंधाची प्रत ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहात ठेवण्याचा नियम यूजीसीने केला, ते उत्तमच झालं. पण रेकॉर्डिंग कोणी मागत नाही. ते संशोधकाच्या हार्ड डिस्कवर राहतं आणि डिस्क बिघडली की संपतं. ज्या आजीने गोष्ट सांगितली ती तोवर हयात असेलच असं नाही.

डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाने वेगळी वाट दाखवली आहे. त्यात लोकांचं बोलणं आवाजासह संकेतस्थळावर ऐकता येतं. हाच शिरस्ता प्रत्येक पीएचडीला लागू व्हायला हवा. अर्थात बोलणाऱ्याची संमती आधी. काही गाणी, काही विधी समाजाबाहेर जाऊ नयेत असं लोकांना वाटलं, तर ते कुलूपबंदच राहिले पाहिजेत.

यासाठी पैसा लागतो. जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळवणाऱ्याला महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, पण मानव्यशाखेला किरकोळ खर्चासाठी पहिली दोन वर्षं वर्षाकाठी अवघे १०,००० रुपये. पुण्याहून सातपुड्याच्या पायथ्याशी चार खेपा, मुक्काम, चांगला रेकॉर्डर आणि सांगणाऱ्याच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई एवढ्यात कशी बसवायची? फेलोशिप नसलेल्यांचं तर बोलायलाच नको. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. त्यानिमित्ताने भाषेच्या कामासाठी जो निधी येईल, त्यातला ठरावीक वाटा अशा क्षेत्रकार्याला आणि ही रेकॉर्डिंगं जपणाऱ्या एका सार्वजनिक संग्रहाला द्यावा, आणि त्याची सुरुवात निहाली-कोरकूपासून करावी.