फोटोतला तो मिशीवाला माणूस

आज १६ डिसेंबर, विजय दिवस. सकाळपासून आपल्या चौकात फ्लेक्स लागलेत, सगळ्यांच्या स्टेटसला तिरंगा आहे. १९७१ साली याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं शरणागती पत्करली, सुमारे ९३ हजार जण युद्धकैदी झाले. अभिमान वाटायलाच हवा. मी मात्र सकाळपासून घरातला एक जुना फोटो घेऊन बसलोय.

साल १९८२. स्टुडिओत काढलेला ब्लॅक अँड व्हाइट फोटो. अण्णा वर्दीत, ताठ. शेजारी आई, डोक्यावर पदर. तिच्या मांडीवर तीन वर्षांचा मी, तोंड फिरवून रडतोय. सुट्टीवर आलेला हा मिशीवाला माणूस कोण, हेच मला कळत नव्हतं. आई सांगायची, पहिले आठ दिवस मी त्यांना 'काका'च म्हणत होतो. जरा लळा लागेपर्यंत अण्णांची ट्रंक भरून तयार.

अण्णा फौजेत ड्रायव्हर होते. एकाहत्तरला रात्री दिवे न लावता त्यांनी दारूगोळ्याचे ट्रक चालवले. "मी कुठं लढलो रे? एक गोळीसुद्धा झाडली नाही," म्हणायचे आणि विषय संपवायचे. पत्रावर पत्ता एकच, ५६ एपीओ. नेमके कुठल्या आघाडीवर होते, ते घरात कुणालाच कळलं नाही.

मी वीस वर्षं पत्रकारिता करतोय. शहीद जवानांच्या अंत्ययात्रांच्या, माजी सैनिक मेळाव्यांच्या किती बातम्या केल्या. पण स्वतःच्या बापाची मुलाखत घ्यायचं सुचलं नाही. सहा वर्षांपूर्वी अण्णा गेले. आता विचारायचं कुणाला?

मित्रांनो, लढाई एकट्या बंदूकवाल्याची नसते. ट्रक चालवणारा, लंगरात रोट्या भाजणारा, जखमींना उचलणारा, हे सगळे तिथंच असतात. शहिदांची नावं दगडावर कोरली जातात, कोरलीच पाहिजेत. पण जे परत आले, त्यांना आपण शाल-नारळावर वाटेला लावतो. भाषण पाहुणे ठोकतात, आणि फौजी खुर्चीत बसून ऐकतो.

एकाहत्तरचा तरुणातला तरुण जवानही आज सत्तरीपुढं आहे. येत्या २६ जानेवारीला ग्रामपंचायतींनी, शाळांनी माइक त्यांच्या हातात द्यावा. आणि तुमच्या घरात, भावकीत असा कुणी म्हातारा असेल, तर आजच शेजारी बसा. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा. कुठं होता, काय खाल्लं, कुणाची आठवण यायची, एवढंच विचारा.

मी उशीर केला. तुम्ही करू नका.