पाठीवरचा आकडा

जव्हार-मोखाड्याकडच्या कुठल्याही पाड्यावर संध्याकाळी जा, पोरे क्रिकेट खेळताना दिसतील. एखाद्याच्या पाठीवर १० हा आकडा असतो. दहा म्हणजे सचिन, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. २०१३ साली सचिन निवृत्त झाला, तेव्हा मुंबई इंडियन्स संघाने हा आकडा पुन्हा कोणाला द्यायचा नाही असे ठरवले.

अमेरिकेत ही रीत जुनी आहे. तिथे बेसबॉल हा चेंडूफळीचा खेळ घरोघरी चालतो. मोठा खेळाडू निवृत्त झाला की संघ त्याचा आकडा राखून ठेवतो. पण एक आकडा असा आहे की तो सगळ्याच मोठ्या संघांनी राखला. तो म्हणजे ४२, जॅकी रॉबिन्सनचा.

रॉबिन्सन काळा होता. मोठ्या संघांची दारे काळ्यांना कित्येक वर्षे बंद होती. १५ एप्रिल १९४७ रोजी तो ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला. शिव्या खाल्ल्या, धमक्या सोसल्या, पण खेळ सोडला नाही. १९९७ साली त्या दिवसाला ५० वर्षे झाली, तेव्हा त्याला हा मान मिळाला. आता दरवर्षी १५ एप्रिलला गोरे-काळे सारे खेळाडू ४२ घालूनच खेळतात. आपल्या भीमजयंतीचा तो दुसरा दिवस!

आता आपल्या घरात पाहू. चर्मकार समाजातले बाळू पालवणकर पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर राबले. खेळपट्टी राखायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे, हे त्यांचे काम. पुढे हिंदू संघाने त्यांना घेतले, पण चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळाले. बाळू १९५५ साली वारले. त्या काळी क्रिकेटपटूच्या पाठीवर आकडा नसे, मग राखायचा कोणता? मुंबईत प्रभादेवीला पी. बाळू मार्ग आहे. तिथून रोज जाणाऱ्या किती जणांना हे बाळू कोण ते ठाऊक आहे?

कोणी म्हणेल, १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे होते. खरे आहे, आणि ते हरले. ते झाकू नये. पण मतभेद झाला म्हणून त्या भांड्यातला चहा गोड होत नाही, आणि ११४ बळी कमी होत नाहीत.

जयंतीनिमित्त तुमच्या पाड्यावर सामने भरत असतील, तर यंदा एका चषकाला बाळूंचे नाव द्या. बक्षीस देताना दोन मिनिटे त्यांची हकीकत सांगा. आणि १० आकड्याचा शर्ट घालणाऱ्या आपल्या पोराला आज जेवताना विचारा, “बाळू पालवणकर कोण होते, माहीत आहे का?”