हातच्या पास्त्याचें स्तोम

गेल्या पावसाळ्यांत एका स्नेह्यांनीं आम्हांस जेवावयास बोलाविलें होतें. बेत इतालियन होता, आणि पास्ता ‘घरीं, हातानें केलेला’ होता. हें विशेषण आमंत्रणांत दोनदां आणि पानावर बसल्यावर निदान सहा वेळां आमच्या कानीं पडलें. विकतच्या पाकिटांत जीव नसतो, पीठ हातानें मळावें, हातानें लाटावें, तेव्हांच पदार्थांत जिव्हाळा उतरतो, असें यजमानांचें प्रतिपादन होतें. हा जिव्हाळा उतरविण्याचें काम सकाळीं दहा वाजल्यापासून वहिनी एकट्या करीत होत्या. लाटून कापलेल्या पट्ट्या कपड्यांच्या दांडीवर आणि खुर्च्यांच्या पाठींवर टांगल्या होत्या. दमट हवेंत त्या सुकेनात, एकमेकींस चिकटून त्यांचे गोळे झाले, आणि वहिनींनीं त्यांतल्या अर्ध्या पुन्हां लाटल्या. पानें वाढलीं तेव्हां साडेनऊ वाजून गेले होते. आणि इतक्या सायासांनीं सिद्ध झालेल्या त्या पास्त्यावर जो तांबडा सॉस ओतला होता, तो बाटलींतला होता! वहिनी आमच्या पंक्तीला बसल्या नाहींत. त्यांची कंबर धरली होती.

हा प्रसंग आम्ही थट्टेसाठीं सांगत नाहीं. त्या घरीं जें घडलें तें आज अनेक सुशिक्षित घरांत घडत आहे, आणि त्याच्या मुळाशीं एक चुकीची समजूत आहे. म्हणून तिचा समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें. आमचें म्हणणें दोन वाक्यांत सांगतां येईल. पास्ता खुशाल दुकानांतून आणावा. सॉस मात्र घरींच करावा. आज याच्या नेमकें उलट वागणें हें सुगृहिणीचें लक्षण मानलें जाऊं लागलें आहे, आणि त्यापायीं श्रमही वायां जातात व चवही वायां जाते.

प्रथम इतिहास पाहूं. पास्ता हा मूळचा घरगुती पदार्थ, आणि कारखान्यांनीं तो आजीबाईंच्या हातांतून हिरावून घेतला, अशी एक करुण कथा अलीकडे फार प्रिय झाली आहे. वाळवलेल्या पास्त्यापुरती तरी ती खरी नाहीं. इद्रीसी या अरब भूगोलवेत्त्यानें सिसिलीच्या राजासाठीं ११५४ सालीं पुऱ्या केलेल्या ग्रंथांत पालेर्मोजवळच्या त्राबिया गांवाचें वर्णन आहे. तेथें पिठाच्या तंतूंसारखा एक पदार्थ मोठ्या प्रमाणावर तयार होई, आणि जहाजें भरभरून मुसलमान व ख्रिस्ती अशा दोन्ही मुलखांत रवाना होई. म्हणजे साडेआठशे वर्षांपूर्वींच हा व्यापाराचा माल झालेला होता. पुढें नेपल्सच्या आसपास, विशेषतः ग्रान्यानो या गांवीं, या धंद्याची भरभराट झाली. कारण डोंगर आणि समुद्र यांच्या वाऱ्यांत तेथें माल सावकाश सुकवितां येई. कणीक इतकी घट्ट असे कीं ती मळण्यास हात पुरत नसत. कामकरी ती पायांनीं तुडवीत, आणि कालांतरानें यंत्रें आलीं. ग्रान्यानोच्या पास्त्यास २०१३ सालीं युरोपीय संघानें भौगोलिक मानांकन दिलें, तें कारखानदारांच्या कसबाला दिलें. घरच्या पोळपाटाला नव्हे.

या कसबाचें मर्म आधीं गव्हांत आहे. वाळवलेला पास्ता ड्युरम नांवाच्या कठीण गव्हाचा रवा आणि पाणी यांचा होतो. इटलींत १९६७ च्या कायद्यानें तेथील कारखान्यांस तो याच रव्याचा करणें भाग पाडलें. दुसरें मर्म साच्यांत व वाळवणांत आहे. कांशाच्या साच्यांतून दाबून काढलेल्या पास्त्याचें अंग खरखरीत राहतें, म्हणून सॉस त्यास धरून राहतो. आणि बेतानें वाळविल्यामुळें तो शिजतांना फुटत नाहीं, दाताला किंचित् लागेल असा राहतो. हें काम घरच्या लाटण्यानें होण्यासारखें नाहीं, आणि तसें तें न होण्यांत कोणत्याही गृहिणीस कमीपणा नाहीं.

हातच्या पास्त्याची खरी परंपरा आहे, ती निराळी. उत्तरेकडील एमिलिया प्रांताची. मऊ गव्हाचें पीठ, दर शंभर ग्रॅमला एक अंडें, अर्धा तास झांकून ठेवलेली कणीक, लांबलचक लाटणें, आणि तें चालविण्यांत हयात घालविलेल्या बायका, अशी तिची सामग्री. तेथील तालियातेल्ले या पट्ट्यांच्या रुंदीचा नमुना बोलोन्याच्या व्यापारी मंडळानें १९७२ पासून सोन्यांत घडवून ठेविला आहे. शिजल्यावर आठ मिलिमीटर, असें त्याचें माप. हा पदार्थ उत्तम आहे, आणि त्याशीं आमचें भांडण नाहीं. परंतु तो खिम्याच्या दाट सॉसचा आणि लोण्याचा सोबती, सणासुदीच्या पानाचा मानकरी. त्याच्याकडे बोट दाखवून वाळवलेल्या पास्त्यास निर्जीव म्हणणें म्हणजे पुरणपोळी गोड लागते म्हणून भाकरीस नांवें ठेवणें होय.

येथें आमचे प्रतिपक्षी आजीबाईंना साक्षीस बोलावितात. त्या शेवया घरीं करीत असत, मग आम्ही पास्ता कां करूं नये, असा त्यांचा सवाल असतो. साक्ष मात्र त्यांच्यावरच उलटते. शेवया होत त्या उन्हाळ्यांत, वर्षांतून एकदां, आणि शेजारपाजारच्या चार बायका मिळून. कडक उन्हांत खडखडीत वाळवून त्या डब्यांत भरल्या कीं वर्षाची चिंता मिटे. दारीं पाहुणा आला म्हणजे आजी रवा मळावयास बसत नसे. ती डबा उघडीत असे. शेवयांचा सारा गुण या साठवणींत होता. आमच्या दख्खनांत पूर्वापार पिकत आलेला बन्सी गहू हा तरी ड्युरमच आहे. तेव्हां ड्युरमच्या रव्याच्या पास्त्याचें पाकीट आजीच्या त्या डब्याचें भावंडच म्हणावयाचें. पाकीट घेतांना तें मैद्याचें नाहीं एवढें पाहावें, म्हणजे झालें. एकटीनें, ऐन पावसाळ्यांत, एका वेळच्या जेवणासाठीं दिवसभर लाटीत बसणें ही आजीची परंपरा नव्हे. असला अव्यवहार तिनें एक दिवसही चालूं दिला नसता.

आतां सॉसकडे वळूं. आमच्या वाचकांनीं घरांतली बाटली एकदां फिरवून पाहावी. आपल्याकडील नियमाप्रमाणें तिच्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानें छापावे लागतात. साखरेचा क्रमांक कितवा लागतो तें वाचावें, म्हणजे आम्हांस अधिक लिहावें लागणार नाहीं. घरच्या सॉसला लागतें तरी काय? चांगले पिकलेले लाल टोमॅटो, ऑलिव्हचें किंवा घरांत असेल तें सौम्य वासाचें तेल, लसणीच्या चार पाकळ्या आणि मीठ. टोमॅटो मिनिटभर उकळत्या पाण्यांत टाकून त्यांचीं सालें काढावीं. तेलांत लसूण मंद आंचेवर सोडावी, आणि ती तांबूस होण्यापूर्वींच चिरलेले टोमॅटो घालून वीसएक मिनिटें आटूं द्यावे. आपल्याकडचे टोमॅटो आंबट निघाले तर आधीं एक कांदा बारीक चिरून सावकाश परतावा. त्याची गोडी पुरते, साखर लागत नाहीं. तेवढ्यांत शेजारच्या चुलीवर पाणी उकळतें. शंभर ग्रॅम पास्त्यास एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ, हें प्रमाण लक्षांत ठेवावें. पास्ता शिजण्यास मिनिटभर उरलें असतांनाच तो उपसून सॉसच्या कढईंत टाकावा, आणि त्याबरोबर त्याच्याच पाण्याची एक पळी. त्या पाण्यांत उतरलेल्या पिष्टामुळें तेल आणि टोमॅटोचा रस एकजीव होऊन पास्त्याच्या अंगाशीं बसतात. ही पळी कोणत्याही बाटलींत मिळत नाहीं. पांढऱ्या सॉसची तर गोष्टच सोडा: लोणी, मैदा आणि दूध एवढ्याच वस्तु, आणि ढवळण्याचा कंटाळा नसेल तर काम दहा मिनिटांचें.

यावर पहिला आक्षेप येईल, वेळ नाहीं. ज्या घरांत लाटण्यास सहा तास सांपडतात, त्या घरांत वीस मिनिटें सांपडत नाहींत, हें आम्ही कसें मानावें? दुसरा आक्षेप, मुलांना बाटलीचीच चव आवडते. मुलांना जी चव रोज दिली ती आवडते. ती बाटली मुलांनीं बाजारांतून आणलेली नसते. तिसरा आक्षेप सर्वांत गोड आहे: हातच्या पास्त्यांत प्रेम असतें. असेल, पण हात कोणाचे? प्रशंसा एकानें करावी आणि कंबर दुसरीनें मोडून घ्यावी, यास आम्ही प्रेम म्हणावयास तयार नाहीं. इतालियन घरगुती पाककलेवरचा सुप्रसिद्ध ग्रंथ पेल्लेग्रिनो आर्तुझी या गृहस्थानें १८९१ सालीं फ्लॉरेन्स येथें स्वखर्चानें प्रसिद्ध केला. लेखणी त्याची होती; पण त्याच्या स्वयंपाकघरांत राबणारीं माणसें म्हणजे मारिएत्ता साबातिनी आणि फ्रांचेस्को रुफिल्ली. १९११ सालीं आर्तुझी वारला, तेव्हां त्या ग्रंथाचे हक्क त्यानें मृत्युपत्रांत या दोघांना देऊन ठेविले होते. चव कोणाच्या हातची, हें त्याला ठाऊक होतें, आणि तें ऋण त्यानें शब्दांवर भागविलें नाहीं.

आमचे स्नेही हा लेख वाचतील आणि कदाचित् रागावतील. त्यांस आमची एकच विनंती आहे. हातच्या पास्त्याची हौस असेल तर ती अवश्य पुरवावी. एखाद्या रविवारीं, कोरड्या हवेंत, लाटणें त्यांनीं स्वतः हातीं घ्यावें. सॉस वहिनी पाहतील, तो वीस मिनिटांचा आहे. बाकीच्या दिवशीं पाकीट आणावें. मग पानें साडेआठला वाढलीं जातील, आणि वहिनीही पंक्तीला असतील.