रोग कोणाचा, आणि दोष कोणाच्या माथी?



साथ आली की समाज आधी औषध शोधत नाही, गुन्हेगार शोधतो. मध्ययुगातला प्लेग हेच सांगतो.

ख्रिस्ती युरोपने प्लेगला देवाचा कोप मानलं आणि ज्यूंनी विहिरींत विष कालवल्याची आवई उठवली. ज्यूही याच रोगाने मरताहेत, हे पोप क्लेमेंट सहावा याने सांगूनही फेब्रुवारी १३४९ मध्ये स्ट्रासबर्गला शेकडो ज्यू जाळले गेले. मुस्लिम जगात बहुतेक उलेमांनी प्लेगचा मृत्यू म्हणजे शहादत मानली. साथीच्या गावात जाऊ नका, तिथून पळूही नका, अशी शिकवण होती. १३४८ मध्ये दमास्कसमध्ये मुस्लिम, ज्यू आणि ख्रिस्ती एकत्र प्रार्थनेला निघाले. रोग संसर्गाने पसरतो हे अनेक धर्मपंडितांना मान्य नव्हतं. ग्रॅनडाच्या इब्न अल-खतीबने मात्र अनुभवाच्या आधारे संसर्ग असल्याचं ठामपणे मांडलं.

आणि आपण? आपल्याकडे साथ म्हणजे मरीआईचा कोप. तिचा गाडा पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडायचा, आणि त्या देवीची सेवा महारांच्या गळ्यात! रोगही शिवेबाहेर, माणूसही शिवेबाहेर.

१८९७ चा पुण्याचा प्लेग म्हटलं की आपल्याला रँड आणि चापेकर आठवतात. गोऱ्या सोल्जरांनी घरझडतीत केलेली दांडगाई खरी होती, तिच्यावरचा संतापही खरा होता. पण त्याच साथीत सावित्रीमाई मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला. माईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. ज्याची सावलीही विटाळ मानली जायची, त्या लेकराला त्यांनी संसर्गाच्या दिवसांत पाठीवर घेतलं. हा इतिहास मधल्या पानावर का?

इथे कोल्हापुरातही प्लेग आला. शाहू महाराजांनी लोकांना शहराबाहेर मोकळ्या जागेत छावण्यांत हलवलं. त्यांनी कोप शमवत बसण्यापेक्षा बंदोबस्त केला.

जुनी गोष्ट म्हणून सोडू नका. २०२० मध्ये कोरोनाचं खापर तबलिगींवर फोडलं गेलं. त्याच ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याचं नोंदवलं. सातशे वर्षांत विहिरीच्या जागी व्हॉट्सॲप आलं, एवढंच.

दुःखाला कारण असतं आणि ते कारण दूर करता येतं, हे तथागतांनी शिकवलं. म्हणून पुढच्या साथीत कोणी एखाद्या जमातीकडे बोट दाखवलं, तर पुरावा मागा. आणि आपल्या वस्तीत पाणी, गटार, दवाखाना आहे का, हे महापालिकेला विचारा. बोट तिकडे दाखवायचं असतं.

जय भीम! जय सावित्री!