बस, बस आणि बस

‘बस’ हा शब्द इंग्रजी आहे हे मराठी माणसाला मुद्दाम सांगावं लागतं. ‘बस’ म्हणजे खाली बस. ‘बस्स’ म्हणजे पुरे. शुक्रवारी संध्याकाळी कुणी ‘आज बसायचं का?’ विचारलं तर तो अर्थ तुम्हाला माहीत आहेच. आमच्या आजीला बस ‘लागते’, म्हणजे पहिल्याच वळणाला उलटी. पण स्टँडवर बस ‘लागली’ की तीच आजी सगळ्यांच्या आधी पिशवी घेऊन पळते.

कॉलेजात याच शब्दाने छळलं. इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये बसबार, मायक्रोप्रोसेसरच्या पेपरात डेटा बस नि अ‍ॅड्रेस बस. यूएसबीतला ‘बी’ म्हणजेही बसच, हे मला नोकरी लागल्यावर कळलं (हसू नका). आता टीममध्ये ‘बस फॅक्टर’ मोजतात: किती जण बसखाली आले तर प्रोजेक्ट बंद पडेल? आमचं उत्तर एक, आणि तो सध्या नोटीस पीरियडवर आहे.

मूळ एकच, ऑम्निबस. लॅटिनमध्ये ‘सर्वांसाठी’. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये ठरलेल्या मार्गावर कुणीही पैसे देऊन चढावं अशा घोडागाड्यांना हे नाव मिळालं. १८२९ मध्ये शिलिबीरने लंडनला तशीच गाडी सुरू केली. पुढे लोकांनी शब्दाचा पुढचा भाग गाळला आणि उरला नुसता विभक्तीचा प्रत्यय! शाळेत ‘रामाय रामाभ्याम् रामेभ्यः’ घोकलंय ना? त्यातलं ‘भ्यः’ आणि लॅटिनचं ‘बस’ ही भावंडं. म्हणजे ‘सर्वेभ्यः’मधला ‘सर्व’ उडवला आणि ‘भ्यः’ला चाकं लावली.

हे आठवलं गेल्या मंगळवारी. धो धो पाऊस. कंपनीच्या बसमध्ये सीटा चाळीस, आम्ही अकरा. सिग्नलजवळच्या पीएमपीच्या स्टॉपवर आमच्याच मजल्यावर चहाचं मशीन भरणाऱ्या मावशी उभ्या होत्या. त्यांनी हात केला. ड्रायव्हरकाकांनी बघितलं, पण दार उघडलं नाही. “त्यांचं कार्ड कॉन्ट्रॅक्टचं आहे सर. यादीत नाव नाही. माझ्यावर येईल.”

काकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चुकली ती यादी. मी अ‍ॅडमिनला मेल टाकला. उत्तर आलं की पॉलिसी आहे, इन्शुरन्सचा प्रश्न येतो. येत असेलही. पण त्याच मावशींनी दिवसभर आमच्या बिल्डिंगमध्ये काम केलेलं चालतं, मग सकाळचा अर्धा तास आमच्या शेजारी बसलं की अडचण? नावं वाढवा, प्रीमियम भरा. एकोणतीस सीटा रोज रिकाम्या धावतात, त्यांचं डिझेल भरतोच की आपण. आणि तेही जमत नसेल तर निदान गाडीवरची ‘स्टाफ बस’ ही पाटी तरी बदला.

मावशी त्या दिवशी साडेनऊला आल्या, भिजलेल्या. मी काहीतरी सॉरीसारखं पुटपुटलो.

“अहो, असू द्या,” त्या म्हणाल्या, “ती तुमची बस होती ना.” आणि दूध आणायला खाली गेल्या.

मेलचा दुसरा रिमाइंडर सोमवारी टाकतोय. तुमच्या ऑफिसातली यादी एकदा बघाल का?