पोरांची आडत

उन्हाळा लागला की आमच्या नांदेडच्या कॉलेजात शिफारसपत्रांचा हंगाम सुरू होतो. पोरगं मसुदा टाईप करूनच आणतं, मी फक्त सही ठोकायची. हा विद्यार्थी माझ्या तासाला जागतिक व्यापारावर मार्मिक प्रश्न विचारायचा, असं त्यात मीच म्हटलेलं असतं. मी त्याला हजेरीपुरताही ओळखत नाही. पाठोपाठ दुसरं पोरगं येतं. नाव निराळं, मार्मिक प्रश्न तेच. एकदा तर पत्र मुलाचं आणि आत जागोजागी ‘शी’ आणि ‘हर’. ‘सर, कन्सल्टंटनं दिलंय, तसंच ठेवा म्हनले.’

तर हे परदेशी प्रवेश जुळवून देणारे कन्सल्टंट. नांदेडात आणि लातूरच्या ट्यूशन एरियात यांच्या पाट्या वाढल्यात. लातूरला गिऱ्हाईक तयारच असतं. नीटमध्ये दोनदा आपटलेलं पोरगं बीबीए करतं, आणि मग सोयऱ्याधायऱ्यांत मान वर करायला ‘जर्मनी’ लागतं. माल कुठला? इंटरनॅशनल बिझनेसमधलं मास्टर्स. बापाला सांगतात, तिकडं शिक्षण फुकट. खोटं नाही ते. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही; बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला 1500 युरो पडतात. पण तिथं पदवीत अर्थशास्त्र, संख्याशास्त्र किती शिकलास ते मोजून बघतात आणि जागा मोजक्या. मग ‘सरकारीत नंबर लागला नाही’ म्हणून पोराला खासगी कॉलेजात घालतात, आणि तिथली फी ऐकून बापाचा घसा कोरडा पडतो. तोवर कागदपत्रं तपासणाऱ्या एपीएसचे पैसे भरून झालेले, गावभर पेढे वाटून झालेले. माघार घ्यायची कशी?

वर ब्लॉक्ड अकाउंट. सप्टेंबर 2024 पासून व्हिसासाठी वर्षाला 11,904 युरो, म्हणजे अकरा-बारा लाख रुपये आधीच बँकेत टाकून दाखवायचे. बँक साडेसात लाखांच्या वर कर्ज द्यायला तारण मागते. मग बांधावरचा दलाल येतो आणि दोन एकर जातात. एका पालकानं मलाच विचारलं, ‘सर, चार लाख कमी पडायलेत, कुठं जमतंय का बघा की.’ पोराला जर्मन किती येतं, हे मी विचारलं. ‘कोर्स इंग्रजीतच हाय म्हनं.’

कोर्स इंग्रजीत आहे हो, नोकरी जर्मनमध्ये आहे! तिथल्या मध्यम कंपनीच्या निर्यात खात्यात बसून गिऱ्हाइकाशी आणि कस्टमशी बोलणारा माणूस त्यांना लागतो. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात, त्यात हा मास्टर गोदामात खोकी उचलतो नाहीतर सायकलवर पिझ्झे पोचवतो. त्या कामात कमीपणा नाही, पण त्यासाठी शेत कशाला विकलं? फेब्रुवारी 2024 मध्ये याच बाडेन-व्युर्टेमबर्गनं महाराष्ट्र सरकारशी करार केला, तो परिचारिका, वायरमन, ड्रायव्हर असल्या हातांसाठी. त्यांना जी हवीत त्या आयटीआयच्या पोरांना आम्ही हिंग लावून विचारत नाही.

आणि आंतरराष्ट्रीय व्यापार शिकायला म्हणे सातासमुद्रापार जायचं! लातूरच्या मोंढ्यात तो रोज सकाळी सौद्याला उभा असतो. 2021 च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं. कोंबडीवाल्यांनी ओरड केली, ऑगस्टात केंद्रानं बारा लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली, आणि नवा माल येईस्तोवर भाव निम्म्याच्या आसपास आला. त्याच वर्षी मे महिन्यात तुरीची आयात खुली झाली; तेव्हापासून म्यानमार आणि मोझांबिकची तूर आमच्या डाळमिलच्या दारात येऊन भाव पाडते. खाद्यतेलावरचं आयात शुल्क दिल्लीत हललं की औशाच्या शेतकऱ्याची पट्टी हलते. आमच्या बीकॉमच्या पोराला हे विचारा. बापाचं सोयाबीन का पडलं, ते त्याला ठाऊक नाही. ‘इन्कोटर्म्स’ची व्याख्या मात्र पाठ. दोष त्याचा एकट्याचा नाही. 1994 पासून नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ आहे, मोंढा हाकेच्या अंतरावर आहे, आणि आम्ही प्राध्यापक अजून नोट्स उतरवून देतो. आमच्या वर्गात हे मिळालं असतं, तर कन्सल्टंटची दुकानं एवढी चालली असती का?

मोंढ्यातला आडत्या निदान पट्टीवर आडत लिहितो. हे आडते लिहीत नाहीत. समुपदेशन मोफत, म्हणतात. पैसे तिकडचं खासगी कॉलेज देतं, प्रवेश घेतलेल्या डोक्यामागं. म्हणूनच फी नसलेलं सरकारी विद्यापीठ यांच्या यादीत कायम तळाला. एकाला मी तोंडावर विचारलं, एका पोरामागं किती सुटतात? तो जराही ओशाळला नाही. खुर्ची पुढं ओढून म्हणाला, ‘सर, तुमच्या फायनल इयरची यादी द्या, तुमचंही बघू की.’